मार्सेलिस की मार्सेय? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळचं टपाल बहुतेक एकाच शहराभोवती फिरतंय. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरचं हे बंदर मराठी वाचकाला नावाने लहानपणापासून ठाऊक असतं, पण त्यापलीकडे फारसं नाही. प्रश्न थोडे आटोपशीर करून खाली दिले आहेत.

प्रश्न : शाळेच्या पुस्तकात ‘मार्सेलिस’ वाचलं, फुटबॉलच्या बातम्यांत ‘मार्सेल’ ऐकलं, आता एका नकाशावर ‘मार्सेय’ दिसलं. शहर एकच ना? आणि तिकीट काढताना काय म्हणायचं?

एकच. फ्रेंच उच्चार ‘मार्सेय’. पॅरिसचा माणूस ‘य’वर थांबतो, तर तिथला माणूस शेवटी आणखी एक हलका स्वर लावून ‘मार्सेये’ म्हणतो. शब्दाच्या शेवटचे स्वर न गिळणं ही दक्षिणेकडच्या बोलीची खूणच आहे. ‘मार्सेलिस’ आपल्याकडे इंग्रजीतून आलं. इंग्रज या नावाच्या शेवटी एक जादा ‘स’ लिहीत आणि तो आपण अक्षरशः वाचला. सावरकरांच्या उडीमुळे हे रूप मराठीत इतकं रुजलंय की त्या संदर्भात ते तसंच लिहायला काही हरकत नाही. खिडकीवर मात्र ‘मार्सेय’च म्हणा, ‘मार्सेलिस’ म्हटलंत तर पलीकडचा माणूस नुसता बघत राहील.

रेल्वेचं ऑनलाइन तिकीट काढताना ‘मार्सेय सँ-शार्ल’ हेच स्टेशन निवडा. उत्तर फ्रान्समध्ये ‘मार्सेय-आँ-बोव्हेझी’ नावाचं एक गाव आणि स्टेशन आहे. यादीतलं पहिलं नाव दाबून मोकळं होणारे तिथे फसतात.

आता नावाचं मूळ. इसवी सनापूर्वी सुमारे ६०० मध्ये फोसिया इथल्या ग्रीक दर्यावर्दींनी ही वसाहत केली. हे फोसिया म्हणजे आजच्या तुर्कस्तानात इझमिरजवळचं फोचा. वसाहतीचं नाव मस्सालिया. रोमनांनी त्याचं मस्सिलिया केलं, प्रोव्हाँसच्या भाषेत ते मार्सियो झालं आणि फ्रेंचमध्ये मार्सेय. मूळ शब्दाचा अर्थ पक्का लागलेला नाही. तो ग्रीकांच्या आधी तिथे राहणाऱ्या लिगुरियन लोकांचा असावा, असं अनेक अभ्यासक मानतात. फ्रेंच वर्तमानपत्रं शहराला आजही ‘सिते फोसेएन’, म्हणजे फोसियावाल्यांचं नगर, म्हणतात. क्रीडापानावर हा शब्द भेटला तर बुचकळ्यात पडू नका.

या शहराचं नाव एकदा सरकारने काढूनही घेतलं होतं. १७९३ मध्ये मार्सेयने पॅरिसच्या क्रांतिकारी सत्तेविरुद्ध बंड केलं आणि ते मोडल्यावर १७९४ च्या सुरुवातीला तिथे पाठवलेल्या प्रतिनिधींनी शिक्षा म्हणून फर्मान काढलं : या गावाला यापुढे नाव नाही. सरकारी कागदांवर ‘विल साँ नों’, बिननावाचं शहर, असं लिहिलं जाऊ लागलं. काही आठवड्यांतच पॅरिसने हा आचरटपणा मागे घेतला.

प्रश्न : फ्रान्सचं राष्ट्रगीत ‘ला मार्सेयेझ’ मार्सेयमध्ये लिहिलं गेलं का?

नाही. ते लिहिलं गेलं स्ट्रासबुर्गमध्ये, म्हणजे देशाच्या दुसऱ्या टोकाला, १७९२ च्या २५ आणि २६ एप्रिलमधल्या रात्री. रचणारा रूजे द लील हा लष्करातला इंजिनिअर अधिकारी होता आणि मूळ शीर्षक होतं ‘ऱ्हाईनच्या सैन्यासाठी युद्धगीत’. त्याच उन्हाळ्यात मार्सेयचे स्वयंसेवक ते गात पायी पॅरिसला पोचले. पॅरिसकरांनी गाणं पहिल्यांदा ऐकलं ते त्यांच्या तोंडून, म्हणून नाव पडलं ‘मार्सेयवाल्यांचं’. १४ जुलै १७९५ रोजी त्याला राष्ट्रगीताचा मान मिळाला. म्हणजे ज्या गावाचं नाव दीड वर्षापूर्वी पुसलं होतं, तेच राष्ट्रगीताला चिकटलं!

प्रश्न : सावरकरांनी उडी मारली ती जागा पाहता येते का? आणि हेगच्या न्यायालयाने नेमकं काय म्हटलं? वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळं वाचायला मिळतं.

तारीख ८ जुलै १९१०, बोट ‘मोरिया’. शौचकुपाच्या गोल खिडकीतून बाहेर पडून सावरकर पाण्यात उतरले, पोहून धक्क्यावर आले आणि धावले. फ्रेंच सागरी पोलिसांच्या एका हवालदाराने त्यांना धरलं आणि काही मिनिटांतच बोटीवर परत नेऊन ब्रिटिशांच्या हवाली केलं. दुसऱ्या दिवशी बोट सुटली.

पर्यटक बहुधा ‘व्यू पोर’ म्हणजे जुन्या बंदरावर उभे राहून फोटो काढतात. ते चुकीचं आहे. एवढ्या मोठ्या आगबोटी त्या उथळ खाडीत येतच नसत. १८४४ पासून बांधल्या गेलेल्या ला जोलिएत आणि त्याच्या उत्तरेकडच्या नव्या धक्क्यांवर त्या लागत. तो भाग आजही चालू बंदर आहे आणि बराचसा कुंपणाआड. जोलिएत मेट्रो स्टेशनवर उतरलात तर बंदराचा तो पट्टा नजरेत येतो. त्याहून जवळ जाण्याचा खटाटोप करू नये.

फ्रान्सचं म्हणणं होतं की आमच्या भूमीवर झालेली ही अटक बेकायदा आहे, कैदी परत द्या. दोन्ही देशांनी वाद हेगच्या कायम लवाद न्यायालयाकडे नेला. पाच लवादांनी २४ फेब्रुवारी १९११ रोजी निवाडा दिला, त्याचे दोन भाग आहेत. अटक करून हवाली करण्यात अनियमितता झाली, हे मान्य. पण फसवणूक किंवा बळजबरी झालेली नाही, बंदोबस्ताबद्दल दोन्ही देशांच्या पोलिसांत आधीच पत्रव्यवहार झाला होता आणि परक्या अधिकाऱ्याच्या चुकीमुळे हाती आलेला कैदी परत करावा असा आंतरराष्ट्रीय कायद्याचा कोणताही नियम नाही. म्हणून ब्रिटनवर परत देण्याचं बंधन नाही. एक बाजू फक्त पहिला भाग सांगते, दुसरी फक्त दुसरा. त्यामुळे गोंधळ.

शहरात भारताशी जोडलेली आणखी एक जागा आहे : माझार्ग इथली युद्धस्मशानभूमी. सप्टेंबर १९१४ मध्ये भारतीय सैन्य फ्रान्सच्या भूमीवर उतरलं ते मार्सेयलाच. तिथलं भारतीय स्मारक १९२५ मधलं आहे.

प्रश्न : मार्सेय ज्या जिल्ह्यात आहे त्याचं नाव ‘बूश-द्यु-रोन’, रोन नदीची मुखं. पण शहराच्या नकाशात ती नदी सापडतच नाही!

सापडणार नाही. रोनचं मुख पश्चिमेला सुमारे ५० किलोमीटरवर आहे, आणि शहर टिकलं ते याच अंतरामुळे. या किनाऱ्यालगतचा मुख्य प्रवाह पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतो. रोनने आणलेला गाळ त्यामुळे मार्सेयकडे न येता पलीकडे जातो. त्या बाजूच्या नार्बोन आणि एग-मोर्त या बंदरांची वाट गाळानेच लावली. मार्सेयची खाडी चुनखडीच्या कडेकपारीत, दोन्ही बाजूंनी टेकड्यांच्या आडोशाला. २६ शतकं एकाच जागी बंदर चालू राहण्यामागे हे साधं भूगोलाचं कारण आहे.

गोडं पाणी मात्र कधीच पुरेसं नव्हतं. १८३० च्या दशकातल्या कॉलऱ्यानंतर द्युराँस नदीवरून कालवा आणायचं ठरलं आणि १८४९ मध्ये पाणी शहरात पोचलं. लाँशांचा भव्य कारंजी-महाल त्याच पाण्याच्या आनंदात बांधला. महाल कुठल्या राजाचा, असं विचारू नका. तो पाण्याच्या टाकीचा आहे.

प्रश्न : ऑगस्टमध्ये गेलो होतो. कडक ऊन, निरभ्र आकाश, आणि समुद्र बर्फासारखा! आदल्या दिवशी मित्रांना पाणी छान कोमट मिळालं होतं. असं कसं?

मिस्त्राल. रोनच्या खोऱ्यातून उतरणारा उत्तर-वायव्येचा कोरडा वारा. तो आला की आकाश लख्ख होतं आणि नवखा माणूस फसतो. हा वारा किनाऱ्यावरचं ऊन खाल्लेलं वरचं पाणी आत ढकलतो आणि त्याची जागा घ्यायला खालचं गार पाणी वर येतं. एकदोन दिवसांत पाणी २४ अंशांवरून १६–१७ वर उतरू शकतं. कालांक, म्हणजे शहराच्या दक्षिणेच्या उभ्या कड्यांमधल्या चिंचोळ्या खाड्या, इथे हा परिणाम सर्वांत जास्त. वारा पडल्यावरही पाणी लगेच तापत नाही. तीनचार दिवस जाऊ द्यावेत. पोहायला जाण्याआधी हवेचं नाही, पाण्याचं तापमान बघा.

त्याच वाऱ्यात शातो दीफ (शहरासमोरच्या बेटावरचा किल्ला) आणि फ्रिउल बेटांच्या बोटी रद्द होतात किंवा किल्ल्याच्या बेटावर न थांबता पुढे जातात. म्हणून बेटांचा बेत मुक्कामाच्या शेवटच्या दिवसावर ठेवू नये.

प्रादोच्या किनाऱ्यावर वेगळी अडचण. हा किनारा माणसाने केलेला आहे. १९७० च्या दशकात मेट्रो खोदताना निघालेली माती तिथे भरली. शेजारीच युव्होन नदी समुद्राला मिळते. जोराचा पाऊस झाला की ती शहरातली घाण घेऊन येते आणि पोहायला बंदी होते. जांभळा झेंडा दिसला तर पाण्यात पाय घालू नका. तो प्रदूषणासाठीही लावतात.

कालांकमध्ये चालत जाणार असाल तर १ जून ते ३० सप्टेंबर या काळात वणव्याच्या धोक्यानुसार वाटा रोजच्या रोज उघडतात किंवा बंद होतात. उद्याची स्थिती आदल्या संध्याकाळी जाहीर होते, ती बघूनच निघा. सुजितोंच्या खाडीसाठी उन्हाळ्यात आधी आरक्षण लागतं. ते फुकट आहे, पण दिवसाला फक्त ४०० जणांना सोडतात. कारण असं की गर्दीच्या पायांनी तिथली माती सुटून पाइनची मुळं उघडी पडायला लागली होती. लुमिनीच्या विद्यापीठाजवळून उतरायला पाऊण तास धरा, चढून यायला त्याहून जास्त. वाटेत प्यायचं पाणी कुठेही नाही. माणशी २ लिटर हे कमीत कमी. गुळगुळीत चुनखडीवर सपाट तळव्याच्या चपला घसरतात. आणि गाडीत बॅग दिसेल अशी ठेवू नका. वाटेच्या तोंडाशी उभ्या गाड्यांच्या काचा फुटतात, हे तिथल्या सगळ्यांना माहीत असतं.

प्रश्न : ‘मार्सेय साबण’ म्हणून घेतला, तो गुलाबी आणि लव्हेंडरच्या वासाचा निघाला. खरा कसा ओळखायचा?

वासानेच निकाल लागला! पारंपरिक साबणात रंग घातलेला नसतो, अत्तर नसतं. तो दोनच रंगांत येतो : ऑलिव्ह तेलाचा हिरवट आणि पाम-खोबरेल तेलांचा पिवळसर पांढरा. १६८८ च्या राजाज्ञेने या साबणात ऑलिव्हखेरीज दुसरी कुठलीही चरबी घालायला मनाई केली आणि उन्हाळ्याचे कडक महिने कारखाने बंद ठेवायला लावले, कारण त्या उष्म्यात माल बिघडे. पुढे एकोणिसाव्या शतकात वसाहतींतून पाम, शेंगदाणा, खोबरं येऊ लागलं आणि तेलं बदलली. नावाला कायद्याचं कवच नव्हतं, त्यामुळे वर्षानुवर्षं कोणीही कुठेही साबण करून त्यावर ‘मार्सेय’ छापत आलं.

पाकीट उलटून घटकांची यादी वाचा. ‘सोडियम ऑलिव्हेट’, ‘सोडियम पामेट’, ‘सोडियम कोकोएट’, पाणी, मीठ, सोडा. इतकंच असायला हवं. ‘सोडियम टॅलोएट’ दिसलं तर ती जनावराची चरबी आहे. ‘पार्फम’ किंवा रंगाचे क्रमांक दिसले तर ठेवून द्या.

शिक्क्यावरच्या ‘७२ टक्के’ची फार गल्लत होते. ते ऑलिव्ह तेलाचं प्रमाण नाही. सगळ्या तेलांतून आलेल्या स्निग्धाम्लांचं मिळून ते प्रमाण आहे. पूर्ण पामचा साबणही ७२ टक्के असू शकतो. ऑलिव्हच हवं असेल तर यादीत ते पहिलं आलंय का ते बघा.

जुन्या पद्धतीत तेल आणि सोडा मोठ्या कढईत दिवसेंदिवस उकळतात, मग मिठाचं पाणी घालून ग्लिसरीन आणि उरलेला सोडा खाली काढतात, पुन्हा शिजवतात, धुतात, आणि लगदा साच्यात ओतून सुकवतात. अखेर ठोकळे कापून सगळ्या बाजूंनी शिक्का मारतात. कपड्यांना तो उत्तम, पण लोकर आणि रेशमाला लावू नका; साबण अल्कधर्मी असल्यामुळे धागा खराब होतो. पाणी जड असेल तर पांढरा साका धरतो. तो साबणाचा दोष नाही, पाण्यातल्या कॅल्शियमचा.

प्रश्न : हे शहर गलिच्छ आणि धोकादायक आहे असं सगळे सांगतात. पॅरिसचे लोक तर नाकच मुरडतात. खरं काय?

पॅरिसकरांचं मत बाजूला ठेवा. ते वैर जुनं आहे आणि फुटबॉलने त्यात तेल ओतलंय. १९९३ मध्ये ‘ओलिंपिक द मार्सेय’ने मिलानला १–० हरवून युरोपचा चषक जिंकला. कुठल्याही फ्रेंच क्लबने तो जिंकण्याची ती पहिली वेळ, आणि हे तुम्हाला दिवसातून दोनदा ऐकवलं जाईल. वेलोद्रोम स्टेडियमच्या आसपास पॅरिसच्या क्लबचा शर्ट घालून फिरू नये, एवढं पथ्य पाळा.

गरिबी मात्र खरी आहे. सुमारे पावणेनऊ लाख वस्तीच्या या शहराचे १६ विभाग. दक्षिणेचे सुखवस्तू, उत्तरेचे हलाखीतले. जुन्या बंदराला लागून असलेली वस्ती १९४३ मध्ये जर्मनांनी रिकामी करून सुरुंगाने उडवली. आज तिथे दिसतात त्या धक्क्यावरच्या एकसारख्या इमारती नंतरच्या; मागचा ल पानिए मोहल्ला तेवढा वाचला. मोडकळीच्या घरांचा प्रश्न अजून सुटलेला नाही. ५ नोव्हेंबर २०१८ रोजी शहराच्या मध्यावर, र्यू दोबाञ या रस्त्यावर, दोन इमारती कोसळून आठ माणसं मेली. शहर कसं आहे हे त्या घटनेवरून जितकं कळतं तितकं नव्या चकचकीत वस्तुसंग्रहालयावरून कळत नाही. प्रवाशाला धोका तो खिसेकापूंचा : सँ-शार्ल स्टेशनच्या जिन्यावर, मेट्रोच्या दारात, नोआयच्या बाजारात. फोन मागच्या खिशात नको. उत्तरेच्या वसाहतींत पाहुण्याचं तसंही काही काम नसतं.

स्वभाव म्हणाल तर अघळपघळ, मोठ्या आवाजाचा, आणि गोष्ट तिखटमीठ लावून सांगणारा. एका सार्डीन माशाने मार्सेयचं बंदर बंद केलं, ही त्यांची जगप्रसिद्ध थाप. पण तिच्या मुळाशी खरी घटना आहे. १७८० मध्ये ‘सार्तीन’ नावाचं जहाज बंदराच्या तोंडाशीच रुतलं आणि वाट अडली. ते पाँडिचेरीहून सुटका झालेले फ्रेंच कैदी घेऊन येत होतं. जहाजाला नाव होतं नौदलमंत्र्याचं. ‘सार्तीन’ची ‘सार्डीन’ कोणी केली याचा पत्ता नाही, पण केली ती मार्सेयकरानेच असणार. ल कॉर्ब्युझिएने १९५२ मध्ये पुरी केलेल्या ३३७ घरांच्या काँक्रीट इमारतीलाही त्यांनी ‘खुळ्याचं घर’ म्हणून टाकलं. आज ती जागतिक वारशात आहे. गच्ची बघता येते, आवर्जून बघावी.

प्रश्न : ‘बुइयाबेस’ खायचंच आहे, पण घरातले दोघे शाकाहारी. काय करावं?

आधी तुमचं. बुइयाबेस म्हणजे मार्सेयचं रस्सा आणि माशांचं जेवण, ते एका वाडग्यात स्वस्तात मिळत नाही. १९८० मध्ये काही उपाहारगृहांनी मिळून एक सनद केली. तिच्यातल्या यादीतले किमान चार प्रकारचे मासे हवेत (काटेरी रासकास, गालिनेत, सँ-पियेर, कोंगर वगैरे), आणि ते तुमच्यासमोर कापून द्यायला हवेत. आधी केशर-बडीशेपेचा रस्सा, लसूण चोळलेले पावाचे कुरकुरीत तुकडे आणि ‘रुई’ नावाची तिखट चटणी, मासे मागून. अनेक ठिकाणी एकदोन दिवस आधी सांगावं लागतं, तेही दोन माणसांपासून पुढे. चांगल्या जागी माणशी ६० युरोंच्या वरच हिशेब धरा. वीस युरोंची पाटी बंदरावर दिसली तर ती ‘सूप द प्वासाँ’, म्हणजे माशांचं सूप. चवीला वाईट नसतं, पण ते बुइयाबेस नव्हे.

शाकाहाऱ्यांनी ‘तापनाद’पासून सावध राहावं, काळ्या ऑलिव्हच्या त्या चटणीत अँकोव्ही मासा असतो. पिझ्झा मार्सेयचा हातखंडा, पण ‘मोआतिए-मोआतिए’ मागितलात तर अर्ध्या भागावर चीज आणि अर्ध्यावर तोच मासा येईल. ‘सूप ओ पिस्तू’ भाज्यांचं असतं, तरी आत डुकराचं मांस नाही ना, हे विचारून घ्यावं.

बिनधास्त खावं ते ‘पानीस’, लेस्ताक भागाची खासियत. घरीही होतं : १ लिटर पाण्यात २५० ग्रॅम चण्याचं पीठ, मीठ, चमचाभर ऑलिव्ह तेल. पीठ आधी थोड्या गार पाण्यात कालवून घ्या, नाहीतर गुठळ्या कढईत मोडत बसाल. मंद आचेवर १५–२० मिनिटं न थांबता ढवळा. चमचा उभा राहील इतकं घट्ट झालं की तेल लावलेल्या बशांत ओता आणि निदान तीन तास पूर्ण गार होऊ द्या. इथे घाई केली तर तळताना काप फुटतात आणि तेल पितात. मग बोटाच्या जाडीचे काप, चांगलं तापलेलं तेल, दोन्ही बाजू खमंग, वर मीठ-मिरी. लेस्ताकच्या टपऱ्यांवर ते कागदी पुडक्यात देतात. तिथे जायचं तर जुन्या बंदरावरून उन्हाळ्यात बोट सुटते. परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ मात्र उतरल्या उतरल्या विचारून ठेवा.